मुकुंदनगर ते सायबरजाया

नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसाने कुठे राहायचे, हा प्रश्न आपल्या घरांत पूर्वी कुणी विचारत नसे. राहते घर, जवळची मशीद, मोहल्ल्यातले चार सोबती आणि शेवटी आई-वडिलांच्या शेजारचे कबरस्तान, असे उत्तर ठरलेलेच असे. आता मुले दुबई, दोहा, क्वालालंपूरला कामाला आहेत. ती म्हणतात, "अब्बा, आता तिथे एकटे कशाला राहता? इकडेच या." मग प्रश्न खरोखरच उभा राहतो.

आमच्या घरात तो दोन वर्षांपूर्वी आला. अब्बा उर्दू शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. नगरच्या मुकुंदनगरात आमचे घर आहे. धाकटा भाऊ मलेशियात सायबरजायाला एका कंप्युटर कंपनीत आहे. त्याचा आग्रह होता की अब्बा-अम्मींनी उरलेले आयुष्य तिथेच काढावे. अब्बांच्या मनातही ते होते. मुसलमानांचा देश, हलाल जेवण, पाचही वेळा अजान, स्वच्छ रस्ते. आणखी काय हवे? आम्ही दोघेही शिक्षक. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे बारा दिवसांसाठी निघालो. ठरवले एवढेच, की आधी पाहू, मग बोलू.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी कामाची माहिती आधी देतो. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्ट असलेल्यांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. तरी तिकीट काढण्याआधी एकदा खात्री करून घ्यावी. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते. मुंबईहून विमानाला साधारण पाच तास लागतात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. २०२५ मध्ये एक रिंगिट अंदाजे वीस रुपयांचा होता.

क्वालालंपूरमध्ये पहिल्याच दिवशी मस्जिद नगाराला गेलो. देशाची ही राष्ट्रीय मशीद १९६५ साली खुली झाली. तिला आपल्या डोळ्यांना सवयीचा गोल घुमट नाही. छत अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखे आहे आणि ७३ मीटरचा मिनार मिटलेल्या छत्रीसारखा. रोज दुपारी पाऊस कोसळणाऱ्या देशाने मशीद छत्रीच्या आकाराची बांधावी, हे आम्हाला फार पटले. दुसरी जुनी मशीद म्हणजे मस्जिद जामेक. ती १९०९ ची, क्लांग आणि गोंबाक या दोन नद्यांच्या संगमावर उभी आहे. शहराची सुरुवात याच संगमापाशी झाली. प्रशासनाची राजधानी पुत्रजाया. तिथली गुलाबी घुमटाची पुत्रा मशीद तळ्याच्या काठावर आहे आणि सायबरजायापासून अगदी जवळ. अब्बा तिथे दोन वेळा फजरला गेले.

फजरच्या दुसऱ्या रकातीत इमामसाहेब रुकूनंतर हात उचलून कुनूत पढू लागले. मलेशियात शाफई मसलक आहे. अब्बा हनफी, ते हात सोडून शांत उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपल्या रत्नागिरी-रायगडच्या कोकणी भावांकडेही असेच असते. त्यासाठी एवढे लांब यायची गरज नव्हती!"

आम्हाला मात्र सगळ्यात जास्त धक्का भाषेने दिला. आम्ही वर्गात उर्दू शिकवतो आणि मराठीही. मलय भाषेत या दोन्हींची शब्दसंपदा हातात हात घालून बसलेली दिसली. शिक्षकाला तिथे 'गुरू' म्हणतात. भाषा म्हणजे 'बहासा', वसतिगृह म्हणजे 'अस्रामा', आपला आश्रमच. ग्रंथालयाच्या पाटीवर 'पेरपुस्ताकाआन' लिहिलेले असते, त्यात पुस्तक दडलेले आहे. त्याच्याच शेजारी किताब, दुनिया, वक्तु, अखिरात हे शब्द. कुणी भेटले की विचारतात, "अपा खबर?" म्हणजे काय खबर!

पुढे गेल्यावर तर आम्ही थांबलोच. रोजा या शब्दाला मलयमध्ये 'पुआसा' म्हणतात. तो आला आहे 'उपवास' या शब्दावरून. ईदुल फित्रला लोक 'हारी राया पुआसा' म्हणतात. सवाब म्हणजे 'पाहाला', म्हणजे फळ. गुनाह म्हणजे 'दोसा', म्हणजे दोष. जन्नत 'शुर्गा' आणि जहन्नम 'नराका'. दीन किंवा धर्म या अर्थाने 'अगामा'. देशाच्या लोकसंख्येत सुमारे ६३ टक्के मुसलमान आहेत, ते शतकानुशतके हे शब्द वापरून रोजे ठेवतात, दुआ मागतात. त्यांच्या ईमानाला त्याने काही उणेपणा आला नाही.

आपल्याकडे अजूनही कुणी विचारते, "मुसलमान असून मराठी एवढे चांगले कसे?" आणि आपल्याच घरात कुणी म्हणते, "दीनच्या गोष्टी मराठीत बोलल्या की बरोबर वाटत नाही." दोघांनाही आम्ही आता मलय भाषेचा दाखला देतो. दाखल्यासाठी खरे तर समुद्र ओलांडायचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले. त्यांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला.

क्वालालंपूरहून बसने दोन तासांवर मलाक्का आहे. एका लहानशा रस्त्याच्या परिसरात तीन इबादतगाहे आहेत: १७४८ ची कंपुंग क्लिंग मशीद, विनायगर मूर्तींचे मंदिर आणि चेंग हून तेंग हे चिनी मंदिर. मशिदीचे छप्पर कौलारू, एकावर एक चढलेले. मिनार चिनी पॅगोड्यासारखा. 'क्लिंग' हा शब्द कलिंगवरून आला, म्हणजे आपल्या पूर्व किनाऱ्यावरून गेलेल्या व्यापाऱ्यांवरून.

या शहराचा आणि नगरचा एक जुना धागाही आहे. पोर्तुगिजांनी मलाक्का १५११ साली घेतले. पुढे १५७०-७१ मध्ये त्यांच्याविरुद्ध मोठी आघाडी झाली. विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, आपल्या मुर्तझा निजामशहाने चौलला, आणि सुमात्रा बेटावरचे अचेहचे सुलतानही मलाक्काच्या बाजूने या आघाडीत होते. वेढे यशस्वी झाले नाहीत. पण नगरच्या दरबारात साडेचारशे वर्षांपूर्वी मलाक्काचे नाव घेतले जात असणार, हे ऐकून अब्बांनी नकाशा मागून घेतला आणि बराच वेळ बोटाने रस्ता शोधत बसले.

पेनांगला आम्ही रेल्वेने बटरवर्थपर्यंत गेलो आणि तिथून फेरीबोटीने जॉर्ज टाऊनला. मलाक्का आणि जॉर्ज टाऊन ही दोन्ही शहरे २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तिथली कापितान केलिंग मशीद हिंदुस्थानी मुसलमानांनी उभी केली. तिच्याच रस्त्यावर एक चर्च, एक चिनी आणि एक तमिळ मंदिर आहे. नाश्ता-जेवण 'मामक' हॉटेलांत केले. ही तमिळ मुसलमानांची हॉटेले रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. तिथली रोटी चनाई आपल्या लच्छा पराठ्याची बहीण. 'नासी कंदर' म्हणजे भात आणि त्यावर चार प्रकारचे सालन. 'कंदर' म्हणजे खांद्यावरची कावड. पूर्वी भारतातून गेलेले फेरीवाले कावडीच्या एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला सालन घेऊन बंदरावरच्या हमालांना जेवू घालत. गरिबीत गेलेल्या माणसांनी कावडीवर वाहिलेले जेवण आज त्या शहराची ओळख आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. राहायला जायचे तर कसे? मलेशिया सरकारची 'मलेशिया माय सेकंड होम' ही योजना २००२ पासून आहे. नियम अनेकदा बदलले. २०२४ च्या नियमांनुसार सिल्व्हर गटात दीड लाख डॉलरची मुदत ठेव ठेवावी लागते आणि किमान सहा लाख रिंगिटचे घर घ्यावे लागते. परवाना पाच वर्षांचा, पुढे नूतनीकरण. ठेव आणि घर मिळून हिशेब अडीच कोटी रुपयांच्या आसपास जातो. यातून नागरिकत्व मिळत नाही. अब्बांनी कागदावर आकडे मांडले, आपल्या पेन्शनचा आकडा शेजारी लिहिला आणि हसून कागद घडी करून खिशात ठेवला. दुसरा मार्ग असा, की ठरावीक वर्गाच्या कामाच्या परवान्यावर असलेल्या मुलाला आई-वडिलांसाठी दीर्घ मुदतीचा भेट-परवाना मागता येतो. पण तो मुलाच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की म्हाताऱ्या माणसांनीही बॅगा भरायच्या.

अब्बांचा निर्णय तिथेच झाला. त्यांना तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उर्दू अखबार, कापड बाजारातल्या ओळखी आणि कबरस्तानातली दादा-दादींची कबर आठवू लागली होती. आम्हाला वाटले, विषय संपला.

पण अम्मी गप्प होत्या. परतीच्या आदल्या रात्री त्या म्हणाल्या, "माझे कुणी विचारलेच नाही. मला इथे राहायला आवडेल."

आम्ही चकित झालो. अम्मी कधी पुण्यालाही दोन दिवसांपेक्षा जास्त राहत नाहीत. मग त्यांनी सांगितले. नगरहून पुण्याला जाताना अस्रची वेळ झाली की अब्बा शिरूरला मशिदीत उतरतात आणि अम्मी गाडीत बसून राहतात. पुष्कळदा नमाज घरी पोहोचल्यावर कजा पढावी लागते. मलेशियात मॉलमध्ये, रेल्वे स्थानकात, महामार्गाच्या थांब्यावर 'सुराउ' म्हणजे नमाजची खोली असते. बायकांची वेगळी, वजूची जागा वेगळी, आणि कपाटात धुतलेले पांढरे 'तेलेकुंग' घड्या घालून ठेवलेले. घाला, नमाज पढा, परत ठेवा. मस्जिद नगारात अम्मींनी आयुष्यात प्रथमच जमातीने नमाज अदा केली. शेजारी एक मलय आजी होत्या. सलाम फिरवल्यावर दोघींनी हात मिळवले. एकमेकींची भाषा येत नव्हती.

"तुम्हाला मशीद नगरलाही आहे आणि इथेही आहे," अम्मी अब्बांना म्हणाल्या. "मला ती इथेच मिळाली."

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत.

परत आल्यावर दोन गोष्टी ठरल्या. पहिली, दरवर्षी उन्हाळ्यात दोघांनी एक महिना धाकट्याकडे राहायचे; तेवढ्याला व्हिसा लागत नाही आणि नोकरीची टांगती तलवारही नाही. दुसरी गोष्ट अब्बांनी स्वतः हाती घेतली. मोहल्ल्याच्या मशिदीत जिन्याशेजारी एक खोली आहे, तिथे जुन्या चटया आणि मोडका पंखा पडून असतो. ती साफ करून प्रवासी आणि मोहल्ल्यातील स्त्रियांसाठी नमाजची व वजूची जागा करावी, असा अर्ज त्यांनी विश्वस्तांना दिला. एकाने विचारले, "एवढ्या बायका येणार कुठून?" अब्बा म्हणाले, "एक तर आमच्याच घरून येईल." यावर दोन बैठका झाल्या आहेत. खर्चाचा अंदाज निघाला आहे, मंजुरी बाकी आहे.

वाचकांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुले परदेशात असतील तर अवश्य जा, पाहा. जमिनीवर फिरून पाहण्याची ताकीद तर कुरआननेच दिली आहे. राहण्याचा विचार असेल तर तीन गोष्टी कागदावर लिहा: परवाना कुणाच्या नावावर आणि किती वर्षांचा, आजारपणाचा खर्च कोण करणार, आणि दुपारी मुले कामावर गेल्यावर आपण कुणाशी बोलणार. आणि हा कागद घरातल्या स्त्रीसमोरही ठेवा. तिची यादी तुमच्यापेक्षा वेगळी निघेल.

विश्वस्तांची तिसरी बैठक रमजानच्या आधी आहे. अम्मींनी येताना एक तेलेकुंग विकत आणला होता. तो धुऊन, इस्त्री करून तयार आहे.