चेकवरचे ‘फक्त’

चेकवर अक्षरी रक्कम लिहून झाली की पुढे ‘फक्त’ लिहायचे, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना अकरावीतच शिकवतात. आमच्या सुरतेत गुजराती मुनीम ‘पूरा’ लिहितात. काम एकच, सहीनंतर कोणी काही वाढवू नये. बँकिंगच्या पुस्तकात 1918 सालचा मॅकमिलन आणि आर्थर यांचा खटला असतो. कारकुनाने दोन पौंडांच्या चेकवर अक्षरी रक्कम लिहिलीच नाही, आकड्याच्या दोन्ही अंगांना जागा सोडली. मालकाने सही केली आणि दोनाचे एकशेवीस झाले. तोटा बँकेवर नव्हे, सही करणाऱ्या पेढीवर पडला.

संगणकातही असा चेक असतो. संकेतस्थळाची माहिती एसक्यूएल नावाच्या भाषेत हुकूम देऊन काढतात. समजा, हुकूम आहे, ‘ज्याचा बिल नंबर अमुक, त्याचे नाव-पत्ता दाखव.’ गिऱ्हाईक त्या ‘अमुक’च्या जागी 5 लिहिते. एखादा लबाड लिहितो, ‘5 किंवा 1 बरोबर 1’. एक हा एकाबरोबर असतोच. बिचारे यंत्र सगळ्यांचेच नाव-पत्ते पुढे ठेवते. हेच एसक्यूएल इंजेक्शन. उपायही ‘फक्त’सारखाच. हुकूम आधी पक्का करायचा, बाहेरचा मजकूर नंतर नुसता मजकूर म्हणून भरायचा. वर्डप्रेसमध्ये ‘प्रिपेअर’ नावाची ही सोय 2007 पासून आहे. तरी 2017 मध्ये ‘नेक्स्टजेन गॅलरी’त आणि 2024 मध्ये ‘लेयरस्लायडर’मध्ये हीच फट निघाली. ही दोन्ही प्लगिने, प्रत्येकी सुमारे दहा लाख संकेतस्थळांवर बसवलेली. प्लगिन म्हणजे साडीला लावलेली विकतची लेस. ती कोणी विणली, कोण विचारतो?

लेसवरून आठवले. लिंबायतला आमच्या गल्लीत बायका लेस लावण्याचे, खडे चिकटवण्याचे काम घरी आणतात. माझी आईही आणते. पूर्वी शेठची वही असे. आता त्यांच्या संकेतस्थळात सगळ्यांची नावे, मोबाइल, बँकेचे खाते नंबर असतात. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे जमाखर्च लिहायला बसले, तर प्लगिनच्या नव्या आवृत्त्या बसवा म्हणून चौदा सूचना पडून होत्या. शेठ म्हणाले, “साइट तो चाले छे ने!” चालतेच की. ‘फक्त’ नसलेला चेकही वटतोच! पण दुरुस्त आवृत्ती निघाली की जुनीत फट कुठे होती हे चोरालाही कळते, त्यामुळे न बसवणाऱ्याचा धोका उलट वाढतो. आणि ज्याला आपला खाते नंबर माहीत आहे, तो फोनवर बँकेचाच माणूस वाटतो. आईला तर नक्कीच वाटेल.

शेवटी शेठना मी मॅकमिलनचा खटला गुजरातीतून सांगितला. तोटा पेढीवर पडला हे ऐकताच त्यांनी साइट बनवणाऱ्या मुलाचा नंबर शोधायला घेतला. त्या खटल्यात सही करणाऱ्याचेच पैसे गेले, इथे आमच्या गल्लीचे जातील, हे मात्र मी बोलले नाही. मुलाचा फोन दोन दिवसांनी लागला.