वरातीमागून घोडं

एखादं यंत्र बाजारात आपटलं की त्याचे चाहते म्हणतात, ते काळाच्या फार पुढे होतं, लोकांनाच कळलं नाही. ब्रिटनमध्ये 1985 साली विक्रीला आलेल्या एंटरप्राइज 64 या घरगुती संगणकाबद्दल हेच बोललं जातं, आणि त्याची रचना पाहिली की पटतंही. प्रोसेसर झेड-80, म्हणजे तिथे घरोघरी पोचलेल्या स्पेक्ट्रम या संगणकाच्याच जातीचा. पण चित्र आणि आवाजासाठी खास घडवलेल्या दोन चिप होत्या, त्यांना निक आणि डेव्ह ही रचनाकारांचीच नावं दिलेली. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग मावत, त्यामुळे खेळातला नायक झाडापुढून गेला की झाडाचा रंग त्याला चिकटे. निककडे 256 रंगांची पेटी होती. स्पेक्ट्रम नुसता पिपाणीसारखा वाजे. डेव्ह तीन सूर आणि वर खरखर, तीही स्टीरिओत देई. कीबोर्डवरच जॉयस्टिक बसवलेली होती.

तरीही लोकांना हे यंत्र कळलं नाही, असं मला वाटत नाही. ते त्यांना वेळेवर मिळालं नाही. घोषणा 1983 ची. मग एलान, फ्लॅन अशी नावं बदलत ते दुकानात यायला 1985 उजाडलं. तोवर 1982 पासून विकल्या जाणाऱ्या स्पेक्ट्रम आणि कमोडोर 64 यांच्याभोवती खेळ, मासिकं आणि कॅसेटची देवघेव करणारे मित्र जमले होते. शाळकरी मुलासाठी संगणक घेणारा बाप चिप मोजत नव्हता, शेजारच्या मुलाकडे काय आहे ते बघत होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. शिवाय त्याच वर्षी अटारी एसटी आणि अमिगा हे आणखी पुढारलेले संगणक आले, त्यामुळे एंटरप्राइजचं पुढारलेपणही शिळं झालं.

यावर कुणी हंगेरीचा दाखला देईल. 1986 मध्ये कंपनी बुडाल्यावर उरलेले सुमारे 20,000 नग तिथे गेले, आणि तिथल्या हौशी मंडळींनी ते पुढे कित्येक वर्षं जिवंत ठेवले. म्हणजे यंत्र चांगलंच होतं ना? होतंच. पण पाश्चात्त्य संगणक मिळणंच मुश्कील असलेल्या त्या देशात जागा रिकामी होती, आणि त्या मंडळींनी एंटरप्राइजवर जे खेळ आणले त्यांतले पुष्कळसे मूळचे स्पेक्ट्रमचेच होते. 256 रंगांच्या यंत्रावर लोक उसने खेळ खेळले, कारण स्वतःचे पुरेसे नव्हते. यंत्राची हुशारी वाया गेली ती ग्राहकाच्या अडाणीपणामुळे नव्हे; ती वापरणारे प्रोग्रॅम लिहिले जाण्याआधीच लिहिणारे दुसऱ्या यंत्रांपाशी रमले होते.