हवाबंद थेंब

कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करायची सवय प्रयोगशाळांत खोलवर रुजली आहे. रंगवलेल्या, मेलेल्या पेशींच्या स्लाइडला ते चालतं, जिवंत रक्ताला नाही. नेलपॉलिशमधले द्रावक काठाखालून आत झिरपतात आणि तांबड्या पेशींचं आवरण फाडतात. गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलच्या तपासणीला येणाऱ्या प्रत्येक नव्या तंत्रज्ञाला मी हे सगळ्यात आधी सांगते, कारण सिकलिंगच्या चाचणीत कडा बंद करणं हीच अर्धी चाचणी आहे.

बोटातून काढलेला रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचं त्याच दिवशी केलेलं २ टक्के द्रावण, वर कव्हरस्लिप. द्रावण ऑक्सिजन खाऊन टाकतं. बाहेरची हवा आत शिरली नाही, तर सिकलसेलमधल्या हिमोग्लोबिन एसचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे बनतात आणि पेशी आतून ताणली जाते. व्हिक्टर एमेल यांनी १९१७मध्ये अशाच बंद थेंबात पेशींचे आकार बदलताना पाहिले. हान आणि गिलेस्पी यांनी १९२७मध्ये दाखवलं, की हे ऑक्सिजन कमी झाल्यामुळे होतं आणि ऑक्सिजन परत मिळाला की पेशी पुन्हा गोल होते. १९४८मध्ये डालँड आणि कॅसल यांनी ऑक्सिजन खेचणारी रसायनं वापरली आणि ताटकळायचं काम संपलं.

कडा बंद करायला आम्ही व्हॅसलीन, लॅनोलिन आणि पॅराफिन मेण समान वजनात घेतो. लॅनोलिन नसेल तर उरलेल्या दोघांवर भागतं. मिश्रण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, थेट आचेवर नाही. धुरावलेलं मेण लावलं तर काठालगतच्या पेशी फुटतात. कव्हरस्लिपबाहेर आलेलं पाणी आधी टिपकागदाने टिपून घ्यायचं, ओल्या काचेला मेण धरत नाही. मग चार कोपऱ्यांवर एकेक ठिपका, काच हलेनाशी झाली की बारीक ब्रशने चारही बाजू. थर पातळ हवा, नाहीतर भिंग मेणात घुसतं. हातमोजे घातलेले हवेतच. नीट बंद केलेल्या स्लाइडवरून रक्त बाहेर ओघळत नाही, तपासणाऱ्यालाही ते सुरक्षित.

अर्ध्या तासाने ४०च्या भिंगाखाली पाहावं. मघाची गोल, मधे फिकट पेशी एका बाजूने खेचली गेलेली असते, दोन्ही टोकं अणकुचीदार. सगळ्या कडेने सारखे काटे आलेली पेशी मात्र सिकल नव्हे, ती सुकलेली आहे. मेणाला कुठेतरी फट राहिली, एवढाच तिचा अर्थ. मे महिन्यातल्या उन्हात हे फार लवकर होतं. म्हणून स्लाइड ओल्या टिपकागदासह झाकलेल्या डबीत ठेवते. काहीच बदल दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशीही पाहते.

सरकारी शिबिरांत विद्राव्यता चाचणी होते. मोठ्या संख्येसाठी तीच सोयीची. पण पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा रस्ता बंद पडतो. तेव्हा मायक्रोस्कोप, थोडं मेण आणि ताजं द्रावण एवढ्यावर होणारी तपासणी हाताशी असणं मला मोलाचं वाटतं. १९७३पासून हेमलकशात लोकबिरादरीचा दवाखाना याच प्रदेशात उभा आहे. रस्त्यावर अवलंबून राहून इथे वैद्यकीय काम होत नाही, हे त्या दवाखान्याइतकं कोणाला ठाऊक असणार! शिवाय मलेरियाची स्लाइडही त्याच बोटाच्या टोचणीतून निघते. सिकलचं एकच जनुक असलेल्यांना, म्हणजे वाहकांना, घातक मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४मध्ये मांडलं. जंगलातल्या मलेरियाच्या पट्ट्यात हे जनुक का टिकलं, याचं उत्तर त्यात आहे.

मात्र ही स्लाइड वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आणि नुकतंच रक्त चढवलेल्याला ती खोटा दिलासाही देऊ शकते. म्हणून ‘सिकलिंग आढळलं’ एवढंच मी कार्डावर लिहिते आणि नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवते. तो अहवाल येण्याआधी एखाद्या माडिया आदिवासी मुलीच्या घरी ‘आजार’ हा शब्द पोहोचला, तर तिचं ठरलेलं लग्न मोडू शकतं. वाहक असेल तर ती स्वतः ठणठणीत असते. होणारा नवराही वाहक आहे का, एवढंच तिला लग्नाआधी तपासून घ्यायचं असतं.