दोन माणसांसाठी चार बर्नर

बदलापूर पूर्वेला अकराव्या मजल्यावर घर घेतलं आणि सोफा, फ्रिज वगैरे सोडून मी आधी गॅस ग्रिल शोधायला लागलो. आईला सांगितलं, वांगी छान भाजता येतील. ते खोटं होतं. मला मित्र हवे होते.

अंबरनाथच्या चाळीत होतो तोवर इंजिनिअरिंगची पोरं अधूनमधून उगवायची. बहुतेक आता ठाणे-ऐरोलीकडे. नवं घर बदलापूरला म्हटल्यावर ‘व्हिसा लागतो का?’ हा विनोद ऐकावा लागतो, हसावंही लागतं. आमच्या टीममधला एकजण डॅलसला असतो. शुक्रवारच्या कॉलवर त्याच्या मागच्या अंगणातलं ग्रिल दिसतं, भोवती पाच-सहा माणसं उभी. मला वाटलं, माणसं ग्रिलमुळे जमतात.

सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. एका चार बर्नरच्या परदेशी ग्रिलची ताकद ३०,००० बीटीयू, म्हणजे सगळं फुल केलं तर जवळजवळ ९ किलोवॅट. एक किलो एलपीजीतून साधारण पावणेतेरा युनिट उष्णता मिळते. म्हणजे तासाला ७०० ग्रॅम गॅस, १४.२ किलोची टाकी वीसेक तासांत खलास. आई तीच टाकी दीड महिना पुरवते. वर त्याच्या नळीला आट्यांचा नट, आणि आपल्या टाकीचा रेग्युलेटर दाबून बसणारा. दोघांचं जमत नाही. इमारतीत पाइपचा गॅस येणार, म्हणून त्यावर चालेल का पाहिलं. त्या गॅसचा दाब कमी, आणि तेवढ्याच गॅसमध्ये उष्णताही कमी; जेटचं भोक मोठं लागतं, नाहीतर ज्योत नुसती मिणमिणते.

खरी अडचण गॅलरीची होती. पावसासाठी आम्ही तिला सरकत्या काचा लावून घेतल्यात. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो. बंद जागेत ग्रिल पेटवणं हा मूर्खपणा, आणि काचा उघडल्या तर धूर बाराव्या मजल्यावर. कोळशाच्या शेगडीला हेच लागू, दुप्पट. विजेचं ग्रिल घ्यावं तर आमच्याकडे लाइट पाहुण्यांची वेळ पाहून जाते.

तरी मन ऐकेना. एका शनिवारी उल्हासनगरला गेलो. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं जिथे लष्करी बराकींत येऊन राहिली, त्या कल्याण कॅम्पचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. पत्त्यात कॅम्प एक ते पाच अजून आहेतच. जे कुठे मिळत नाही ते इथे कोणीतरी बनवून देतं, अशी आमच्या पट्ट्यात श्रद्धा आहे. शेगड्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांना मी मोबाइलवर फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

“बना देंगे. घर में आदमी कितने?”

“दोन.”

“दो आदमी, चार बर्नर?”

त्यांनी सरळ हिशेबाचाच प्रश्न विचारला होता. बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत, हे काही मला नवीन नव्हतं. पण मोठ्याने ‘दोन’ म्हणायची वेळ बहुधा पहिल्यांदाच आली. मी तीन बर्नरची साधी शेगडी घेतली, आयएसआय शिक्का बघून, पाइपच्या गॅसचे जेट असलेली. वर एक भाजायची जाळी.

आईला शेवटी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अरे, माणसं जमवायला पोपटी लावतात.” तिचं माहेर नेरळजवळ. वांगणी सोडली की रायगड जिल्हा सुरू होतो आणि थंडीत तिकडे शेताशेतांत मडकी उलटी होतात. आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जमलं तर कोंबडी. ओवा, मीठ, आणि पाण्याचा थेंब नाही. भोवती गवत-काटक्यांचा जाळ. “अर्धी माणसं मडकं बघायला येतात,” ती म्हणाली, “आणि अर्धी शेकायला.” अकराव्या मजल्यावर मडकं कुठे उलटं करणार? पण माझ्या शीटमध्ये ‘शेकायला’ असा कॉलम नव्हता, हे खरं.

ग्रुपवर मी फक्त ‘रविवारी भरीत-भाकरी, या’ एवढंच टाकलं. तीन ‘बघतो’, दोन अंगठे, एक ‘येतो’.

रविवारी आईने दोन वांगी तेलाचं बोट लावून जाळीवर ठेवली. सालं तडकायला लागली तेव्हा ‘येतो’वाल्याचा फोन आला. गाडीत डुलकी लागली, बदलापूर गेलं, आता वांगणीला उतरून उलट्या गाडीची वाट बघतोय.

“भूक लागली असेल त्याला,” म्हणत आईने टोपलीतून तिसरं वांगं काढलं.