बोटीला बंदर हवं

क्रूझचा धंदा कोरोनाच्या साथीतून उठणार नाही, असं २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या क्षेत्रातल्या भल्याभल्यांना वाटत होतं. प्रवासी जहाजांच्या इंजिनरूममध्ये माझं निम्मं आयुष्य गेलं. आता किनाऱ्यावर राहून जहाजांची तपासणी आणि डागडुजीची कामं बघतो. त्या काळात शेजारीपाजारी विचारायचे, "आता कोण बसणार हो तुमच्या बोटीत?" प्रश्न रास्त होता. बंद दारं, एकच जेवणघर आणि हजारो माणसं म्हटल्यावर कोणीही धास्तावलं असतं.

उत्तर आकड्यांनी दिलं. क्रूझ कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 'क्लिया' हिच्या हिशेबाप्रमाणे २०१९ मध्ये जगभरात २ कोटी ९७ लाख लोकांनी क्रूझ केली होती. २०२१ मध्ये हा आकडा ४८ लाखांवर आला. २०२३ मध्ये तो ३ कोटी १७ लाख झाला, म्हणजे साथीआधीच्या वर्षालाही मागे टाकून गेला, आणि २०२४ मध्ये ३ कोटी ४६ लाख. प्रवासी परत येतील का, हा प्रश्न निकालात निघाला. माझ्या मते तो कधीच खरा प्रश्न नव्हता. साथीने या धंद्याचं वेगळंच दुखणं उघड केलं. कितीही अवाढव्य जहाज बांधा, ते जगतं दुसऱ्याच्या धक्क्यावर. धक्का देणाऱ्याने नाही म्हटलं की त्याचं काहीही चालत नाही. गेल्या पाच वर्षांत क्रूझच्या दुनियेत जे जे बदललं, त्याची मुळं इथेच सापडतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' योकोहामाला अडकली. जहाजावर ३,७११ माणसं होती, त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाली. मालकी अमेरिकी, नोंदणी ब्रिटनची आणि जहाज जपानच्या पाण्यात. जबाबदारी कोणाची, यावरच काथ्याकूट. १३८ भारतीय होते, त्यांतले १३२ कर्मचारी. प्रवाशांना खोल्यांत बसवून ठेवलं, पण त्यांच्या दाराशी जेवणाची ताटं पोहोचवणारे, कपडे धुणारे, भटारखाना चालवणारे हात थांबले नव्हते. कर्मचारी दोघे-दोघे एका खोलीत झोपत आणि एकाच मेसमध्ये जेवत. विलगीकरण वरच्या मजल्यांवर होतं, खालच्या नाही.

त्याच महिन्यात 'वेस्टरडॅम' हे जहाज सव्वादोन हजार माणसं घेऊन दारोदार फिरत होतं. जपान, तैवान, फिलिपिन्स, थायलंड, अमेरिकेचं ग्वाम, सगळ्यांनी नकार दिला. अखेर कंबोडियाने सिहानुकविल बंदरात जागा दिली. मार्चमध्ये 'झांडाम'वर चार प्रवासी दगावले, तरी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर तिला कोणी उभं करेना. पनामा कालवा ओलांडून ती फ्लोरिडाला लागली तेव्हा एप्रिल उजाडला होता.

याबाबतचा कायदा नव्हता, असं नाही. परदेशी बंदरात शिरताना प्रत्येक जहाज पिवळं निशाण चढवतं. माझ्या जहाजावर रोगराई नाही, मला येऊ द्या, असा त्याचा अर्थ. बंदराचा आरोग्य अधिकारी परवानगी देतो, तिला आम्ही 'प्रॅटिक' म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या आरोग्य नियमावलीत तर स्पष्ट लिहिलं आहे की केवळ आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात येण्यापासून रोखू नये. बंदराकडे सोय नसेल तर जवळच्या सोयीच्या बंदरात पाठवावं. अपवादाची पळवाटही त्याच नियमावलीत आहे, आणि २०२० मध्ये अपवाद हाच नियम झाला.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, १४ मार्च २०२० ला जहाजांना बंदी घातली. मग धंदा पंधरा महिने थांबला, असं लोक म्हणतात. पण प्रवासी जहाज थांबत नसतं. मालवाहू जहाज नांगर टाकून मोजक्या माणसांवर सोडता येतं. क्रूझचं तसं नाही. एक तरी जनरेटर चालू ठेवावाच लागतो, कारण वातानुकूलन बंद केलं की दमट हवेत आठवड्याभरात गाद्या, गालिचे, लाकडी फळ्या यांना बुरशी धरते. वापर नसलेल्या नळांत पाणी साचून लिजिओनेलाचे जंतू वाढतात. म्हणून कोणी माणूस रोज मजल्यामागून मजला, खोलीमागून खोली नळ आणि शॉवर सोडत फिरतो. उबदार पाण्यात उभ्या जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शंखशिंपले चिकटतात, थंड करणाऱ्या पाण्याची तोंडं बुजतात. जीवनौका ठरलेल्या मुदतीत पाण्यात उतरवून बघाव्याच लागतात. प्रमाणपत्रांच्या तारखा तर कोणत्याच साथीला जुमानत नाहीत. उत्पन्न शून्य, आणि जहाज दारात बांधलेल्या हत्तीसारखं खात राहतं.

हे खाणं भागवायला कंपन्यांनी कर्ज काढलं. अमेरिकी सरकारच्या मदतीचं दार त्यांना बंद होतं. कर वाचवायला कार्निव्हल पनामात, रॉयल कॅरिबियन लायबेरियात नोंदलेली. मग संकटात अमेरिकेने तरी का धावावं? एप्रिल २०२० मध्ये कार्निव्हलने जहाजं तारण ठेवून साडेअकरा टक्के व्याजाने ४ अब्ज डॉलर उभे केले. त्या वर्षीचा तोटा १० अब्जांच्या वर गेला आणि पुढे कर्जाचा डोंगर ३० अब्ज डॉलरच्या पार. आज क्रूझच्या तिकिटात पूर्वी मिळणाऱ्या कितीतरी गोष्टींना वेगळे पैसे का मोजावे लागतात, याचं एक कारण या व्याजात आहे.

कर्जाने आणखी एक काम केलं. म्हाताऱ्या जहाजांचा निकाल लावला. कार्निव्हलची 'फँटसी', 'इन्स्पिरेशन', 'इमॅजिनेशन' ही जहाजं तुर्कीतल्या अलियागाच्या किनाऱ्यावर तोडली गेली. एके काळी जगातलं सर्वात मोठं क्रूझ जहाज म्हणून मिरवलेली 'सॉव्हरिन'ही तिथेच गेली. १९६५ साली बांधलेली 'मार्को पोलो' आपल्या अलंगला तोडायला आली. आणि मुंबईकरांच्या ओळखीची 'कर्णिका'ही. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसने मोठ्या थाटात तिचं मुंबईत स्वागत केलं होतं. १९९० साली 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून सेवेत आलेल्या या जहाजाची रचना रेन्झो पियानो या नामवंत वास्तुविशारदाची. तिचा डॉल्फिनसारखा गोलसर माथा दुरून ओळखू यायचा. कंपनी बुडाली, जहाज लिलावात निघालं आणि २०२० संपायच्या आत अलंगच्या चिखलात रुतलं.

मधल्या आकाराची जहाजं गेली आणि त्यांच्या जागी आली ती राक्षसी. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' २,४८,६६३ टनांची, वीस डेकची. खचाखच भरली तर ७,६०० प्रवासी घेते. इंजिनिअर म्हणून मला यातलं गणित कळतं. जहाज दुप्पट केलं तरी कप्तान एकच लागतो. ब्रिजवरचे अधिकारी फारसे वाढत नाहीत. इंधनही प्रवाशांच्या प्रमाणात वाढत नाही. कर्ज फेडायचं तर दर खोलीमागचा खर्च खाली आणायला हवा, आणि आकार वाढवणं हा त्याचा सोपा रस्ता.

पण एवढं धूड लावायचं कुठे? वळायला रुंद जागा हवी, खोल पाणी हवं, काही तासांत सात हजार माणसं उतरवून तेवढीच चढवायची सोय हवी. अशी बंदरं थोडी, आणि तीही आता तोंड फिरवू लागली आहेत. टाळेबंदीत अनेक बंदरगावांनी आपलं गाव कित्येक वर्षांनी रिकामं पाहिलं आणि तक्रारीला जोर आला. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरची जहाजं सेंट मार्कच्या चौकासमोरच्या पाण्यातून बंद केली. अलास्काच्या जुनोमध्ये लोकवस्ती जेमतेम तीस-बत्तीस हजार. तिथे २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, आणि २०२६ पासून प्रवाशांच्या संख्येवरही मर्यादा. बार्सिलोना सातांतली दोन क्रूझ टर्मिनलं २०३० पर्यंत बंद करणार आहे. सँटोरिनीला उतरणाऱ्या प्रवाशाकडून ग्रीस ऐन हंगामात २० युरो घेतं. 

त्यावर कंपन्यांनी शोधलेला तोडगा म्हणजे स्वतःचंच बंदर बांधणं. बहामाजमधलं कोकोके बेट रॉयल कॅरिबियनचं, ओशन के एमएससीचं, आणि जुलै २०२५ मध्ये ग्रँड बहामावर कार्निव्हलने 'सेलिब्रेशन की' उघडलं. धक्का कंपनीचा, वाळू कंपनीची, नारळपाणीही कंपनीचं. प्रवाशाने बेटावर खर्चलेला डॉलर फिरून त्याच तिजोरीत. हिशेबनिसाच्या नजरेने झकास. मला मात्र ही पळवाट वाटते. बेट कंपनीचं असलं तरी देश बहामाजच आहे. उद्या साथ आली तर तिथलं सरकारही आपलं दार लावून घेऊ शकतं, आणि आजारी माणसाला उतरवायला लागतं ते रुग्णालय घसरगुंड्यांच्या बेटावर नसतं. ज्या दुखण्यावर इलाज हवा होता, ते तसंच ठेवून कंपन्यांनी फक्त उत्पन्नाची सोय लावून घेतली.

जहाजांच्या आत सुधारणा झाल्या, हे मान्य करायला हवं. सप्टेंबर २०२० मध्ये रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन यांनी नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने ७४ शिफारशी केल्या. वातानुकूलनात बाहेरच्या ताज्या हवेचं प्रमाण वाढलं, गाळण्या बारीक झाल्या. आणीबाणीच्या कवायतीसाठी हजारो माणसांना एका जागी कोंबण्याऐवजी बऱ्याच जहाजांवर ती मोबाइलवर बघून, नंतर आपल्या ठिकाणी हजेरी लावून उरकता येते. हे बदल टिकतील, कारण ते स्वस्तही आहेत आणि सोयीचेही.

आता आपल्याकडे. आपल्या क्रूझच्या स्वप्नाचा बराचसा भार सध्या एका जहाजावर आहे. कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस', तीही १९९० चीच. कर्णिकेच्या वयाची. एक अलंगला गेली, दुसरी सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून धावू लागली. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, तेव्हा तिने चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या. जानेवारी २०२२ मध्ये तिच्यावर चाचण्या झाल्या, ६६ जण बाधित निघाले, आणि गोव्यापर्यंत गेलेलं जहाज मुंबईला परत फिरलं. वेस्टरडॅमचीच गोष्ट, फक्त आपल्या किनाऱ्यावरची.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या इंदिरा गोदीवरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. 'क्रूझ भारत मिशन'ला २०२९ पर्यंत क्रूझप्रवाशांची संख्या दुप्पट करायची आहे. चांगलंच आहे. पण आयकॉनसारखी जहाजं इथे आणण्याचा हव्यास धरू नये, असं मला वाटतं. मोठ्या बंदरांनी ज्यांना नको म्हटलं त्यांच्यासाठी आपण किनारा का खणायचा? लहान आणि मधली जहाजं हीच आपल्या कामाची. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची, हे साठीच्या पुढचे वाचक विसरले नसतील. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव माणसं उतरवून आणायचे. हजार माणसांच्या आतलं जहाज आणि चार-पाच नीटस जेटी एवढ्यावर तो किनारा पुन्हा जागा होऊ शकतो, गावांचा श्वास न कोंडता.

आणि बोटीवरची माणसं. गोव्यातल्या सासष्टीत, वसईत, रत्नागिरी-सिंधुदुर्गात बोटीची नोकरी ही पिढ्यांची वाट आहे. एप्रिल २०२० मध्ये 'मरेला डिस्कव्हरी' मुंबईजवळ ताटकळत राहिली. केंद्राने खलाशांच्या चढउताराची कार्यपद्धती जाहीर केल्यावरच तिच्यावरचे भारतीय कर्मचारी आपल्याच शहरात पाय ठेवू शकले. त्या वर्षाअखेरीस जगभरच्या सर्व प्रकारच्या जहाजांवर करार संपूनही अडकलेले सुमारे ४ लाख खलाशी होते. सलग अकरा महिन्यांहून जास्त कोणाला जहाजावर ठेवू नये, असं सागरी कामगार करार सांगतो. तो पाळला गेला नाही. याच करारात २०२२ साली दुरुस्ती झाली, डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे. तातडीच्या उपचाराची गरज असलेल्या खलाशाला किनाऱ्यावरच्या देशाने विनाविलंब उतरवून घ्यावं, असं ती बजावते. साथीतून या धंद्याने मिळवलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही दुरुस्ती सर्वात मोलाची वाटते, आयकॉनच्या वीस डेकपेक्षाही.

कागदावरचं हे वाक्य प्रत्यक्षात आणायचं काम बंदरांचं. धक्क्याचं भाडं घेताना बंदर जहाजाशी हंगामाचा करार करतंच. त्यात एक कलम वाढवायला हवं: जहाजावर साथ आली तरी धक्का मिळेल, अमुक रुग्णालयात इतक्या खाटा राखून असतील, प्रवाशांआधी नव्हे पण प्रवाशांबरोबर कर्मचारीही उतरतील. बदल्यात कंपनीने प्रत्येक तिकिटामागे ठरावीक रक्कम यासाठीच्या निधीत भरावी. साडेअकरा टक्क्यांच्या कर्जापेक्षा हा विमा कितीतरी स्वस्त पडेल. मुंबईला नवं टर्मिनल मिळालं आहे, अजून जुन्या सवयी जडलेल्या नाहीत आणि बोटीवरच्या माणसांची घरंही इथेच आहेत. पहिला करार मुंबईने करावा. तसं बंदर देशात एक जरी उभं राहिलं, तरी कंपन्या त्याच्या धक्क्यासाठी रांग लावतील.