खिडकीजवळची जागा ज्येष्ठांना द्यावी का?

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्यातील केज तालुक्याचे गाव. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण याच तालुक्यात आहे. २०१६ मध्ये ते आटले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. या भागातील ज्येष्ठांनी आयुष्यभर आभाळाकडे पाहिले ते पावसासाठी. आता मुंबईला स्थिरावलेली मुले त्यांना विमानाने नेतात, तेव्हा आभाळातून जमीन पाहण्याची संधी त्यांना प्रथमच मिळते. मात्र ‘उठायला सोपे’ म्हणून त्यांना बहुधा वाटेकडेची जागा दिली जाते आणि खिडकी नातवाकडे जाते. वाचकहो, तासाभराच्या प्रवासात प्रकृती स्थिर असलेल्या ज्येष्ठांना खिडकी अवश्य द्यावी, असे माझे वैद्यकीय मत आहे.

आता बाजू कोणती निवडावी ते पाहू. छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला जाताना विमानाचे तोंड पश्चिमेकडे असते. पैठणचा नाथसागर दक्षिणेला, म्हणजे डाव्या हाताला राहतो. भंडारदरा आणि कळसूबाईचा टापू सर्वसाधारणपणे उजव्या हाताला येतो. हवामानानुसार मार्ग थोडाफार बदलतो, हे मात्र ध्यानात असू द्यावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने उजव्या खिडकीतून डोळ्यांवर तिरीप येत नाही. मोतीबिंदू असलेल्यांना हे विशेष सुखाचे. दिल्लीकडे जाताना सकाळी डावी व सायंकाळी उजवी बाजू सावलीची असते. तीन-तीन आसनांच्या विमानात ‘ए’ ही डावीकडील, तर ‘एफ’ ही उजवीकडील खिडकी. पंखावरील रांगांतून खालचे फारसे दिसत नाही. त्यापुढील रांग घ्यावी, म्हणजे चालणेही कमी होते. एखाद्या रांगेत खिडकीच्या जागी कोरी भिंत असते, म्हणून आसनाचा नकाशा पाहूनच जागा निवडावी.

दृश्याइतकाच श्वासाचाही विचार हवा. उड्डाणात आतील हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरील हवेइतका उतरू शकतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. म्हणजे श्वासापुरता प्रवासी महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहूनही उंच बसलेला असतो. निरोगी माणसास हे जाणवत नाही. परंतु जुनाट दमा, फुफ्फुसाचा विकार, तीव्र रक्तक्षय किंवा नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका असेल, तर तिकिटापूर्वी डॉक्टरांना विचारावे. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा भरला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य आहे. उंचीवर तो फुगतो आणि वाढलेल्या दाबाने दृष्टी कायमची जाऊ शकते.

वडगावकरांनी आणखी एक हिशेब करावा. विमानात बसणे तासाभराचे असले, तरी विमानतळापर्यंतचा रस्ता चार-पाच तासांचा आहे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्यास पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, मग वाहन कोणतेही असो. म्हणून वाटेत बीडला उतरून दहा मिनिटे चालावे. गाडीत व विमानात घोटे वरखाली हलवावेत. लघवीच्या भीतीने पाणी तोडू नये. विमानातील हवा फार कोरडी असते. लघवी वाढविणाऱ्या गोळीची वेळ बदलायची असेल, तर आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलावी. औषधे व इन्सुलिन हातातील पिशवीत ठेवावे. चाकाच्या खुर्चीची विनंती तिकीट काढतानाच नोंदवावी.

मुलाबाळांकडे परदेशी जाण्याचा प्रवास दहा-पंधरा तासांचा असेल, तर नियम उलटा करावा. तेथे ज्येष्ठांना वाटेकडेचीच जागा द्यावी, म्हणजे दर दीड-दोन तासांनी त्यांना कोणाची झोप न मोडता उठता येईल. उतरण्याच्या वेळी थोडा वेळ जागा बदलता येते. मात्र पट्टे बांधण्याची सूचना होण्यापूर्वीच बदलावी.

शेवटी काळजीवाहकांना एक विनंती. खिडकीत बसवून भ्रमणध्वनीत डोके घालू नका. खाली दिसणारे तळे कोणते, रान कशाचे, हे त्यांना विचारा. पीक ओळखण्यात ते तुमच्याहून सरस ठरतील.