सामानाची यादी

चारकोपमधल्या आमच्या पिढीला मधुचंद्राला जायचं असे ते आधी खोलीसाठी आणि मग डोंगरासाठी. मोठ्यानं हे कुणी म्हणत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ साली मुंबई नागरी विकास प्रकल्प मंजूर झाला आणि म्हाडानं कांदिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला चारकोपमध्ये छोटे छोटे भूखंड आखून दिले. मधे मोकळा चौक, भोवती तीस-पस्तीस घरांची सोसायटी, प्रत्येकाला जोतं, पाण्याचा नळ आणि संडास. घर ज्याचं त्यानं जमेल तसं बांधायचं. मामंजींना लॉटरीत पंचवीस चौरस मीटरचा तुकडा लागला. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून आलेल्या माणसाला तेवढंसुद्धा मोठं वाटलं होतं.

१९८९ च्या डिसेंबरात मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा वरचा माळा व्हायचा होता. पत्रे आणि विटा चौकात रचून ठेवलेल्या. खाली सासूबाई, मामंजी, धाकटे दीर, वन्सं आणि आम्ही दोघं. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एक पडदा. पडदा सासूबाईंनी नवा शिवला होता, माझ्या येण्यासाठीच. गुलाबी फुलांचा. त्यांच्या परीनं त्यांनी केलेली ती तयारीच होती, हे मला आता कळतं.

ह्यांनी माथेरान ठरवलं होतं. साखरपुडा झाल्यावर आम्ही मोजक्या वेळा भेटलो. त्यांतल्या एका भेटीत कांदिवली स्टेशनबाहेरच्या हॉटेलात चहा घेताना त्यांनी खिशातून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ऑफिसच्या कोऱ्या चलनाची पाठची बाजू. वर लिहिलं होतं, ‘माथेरान – सामान’. डाव्या बाजूला त्यांचं, उजवी बाजू माझ्यासाठी मोकळी. मी त्यात लिहावं म्हणून त्यांनी पेन पुढे केलं. घरातल्या कुठल्याही गोष्टीत माझं मत आधी विचारलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तो कागद अजून लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात आहे, घडीवर फाटलेला.

त्यांच्या बाजूला आहे: स्वेटर, मफलर, टॉर्च, कुलूप, मित्राचा हॉटशॉट कॅमेरा, छत्तीसचा एक रोल, आयोडेक्स, क्रोसिन, लग्नपत्रिका दोन. लग्नपत्रिका कशाला, असं मी विचारलं. लॉजवाले विचारतात, ते म्हणाले. तेव्हा खरंच विचारत. मंगळसूत्र, हिरवा चुडा, हातावरची मेंदी एवढं सगळं अंगावर असूनही काही ठिकाणी पत्रिका दाखवावी लागे, नाहीतर लग्नातला फोटो. अनेक जोडप्यांच्या पिशवीत पत्रिका टूथब्रशइतकी नेमानं असायची.

माझ्या बाजूला मी लिहिलं: शाल, थर्मास, सुई-दोरा, जुन्या चपला, पांढरं काही नको. माथेरानची लाल माती एकदा कापडात बसली की निघत नाही, हे मला शाळेच्या सहलीमुळे माहीत होतं. आणि एक ओळ मी लिहिली नाही, फक्त मनात ठेवली: पंजाबी ड्रेस. सासरी सहावारीशिवाय चालणार नव्हतं. गिरगावातल्या मैत्रिणीनं दिलेला आकाशी ड्रेस मी साड्यांच्या तळाशी घातला आणि नेरळला छोट्या गाडीत बसण्याआधी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बदलला. त्या काळी माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलींनी असला ड्रेस लग्नानंतर पहिल्यांदा घातला तो मधुचंद्रातच. सासरच्या नजरेपलीकडचं ते पहिलं अंतर असे.

खाण्याचा प्रश्न नव्हता. रुखवतातले लाडू, चकल्या, अनारसे डब्यात भरून दिले होते. चारकोपहून बसनं कांदिवली, लोकलनं दादर, पूल ओलांडून कर्जत लोकल, आणि नेरळ. पुढची छोटी गाडी १९०७ सालची, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधलेली. विसेक किलोमीटरला ती दोन तासांवर घेते आणि वाटेत एकच बोगदा लागतो. त्या बोगद्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात, म्हणजे केवढा छोटा ते समजा. आमच्या डब्यात बाकांवर सगळीकडे हिरवे चुडे. कुणीच कुणाशी बोलत नव्हतं, पण समोरची मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि मी तिच्याकडे. दोघींच्या हातांची मेंदी सारखीच उडत आली होती.

लॉजवर ह्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं. मी बाजूला उभी होते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं, पण तांदूळ विस्कटले की ते गेलं. इथे शाईनं लिहिलेलं होतं, वयासकट, पत्त्यासकट: सेक्टरचा नंबर, चारकोप, कांदिवली पश्चिम. ते नाव माझं आहे हे मानायला मला बरीच वर्षं लागली. तरी खोलीत शिरल्यावर ह्यांनी दाराला आतून कडी लावली तेव्हा जे वाटलं ते मी विसरलेले नाही. जन्मापासून मी गिरगावच्या चाळीत राहिलेली. आतून बंद होणारी आणि दुसरं कुणी नसलेली खोली मी पहिल्यांदा पाहिली ती अशी.

आईच्या वेळी एवढंही नव्हतं. तिचं लग्न १९६१ चं. ती मधुचंद्राला गेली नाही, जेजुरीला गेली. बरोबर सासू, एक आत्या, दोन चुलत दीर. खंडोबाच्या पायऱ्यांवर वडिलांनी तिला उचलून घेतलं, रीतीप्रमाणे, पाच पायऱ्या. मी लहान असताना आई ते सांगायची तेव्हा तिचा चेहरा निराळाच व्हायचा, कारण चारचौघांत त्यांनी तिला हात लावला असा तो एकच प्रसंग. तिच्या प्रवासाची यादी तिच्या सासूनं केली होती: नारळ, भंडारा, तळी भरायचं ताम्हन, ओटीचं सामान, दशम्या. तिला स्वतःला काय हवं, हे त्या यादीत कुठून येणार? चाळीत परतल्यावर शेजारचं बिऱ्हाड गावाला गेलं की किल्ली आई-वडिलांकडे ठेवून जायचं. ‘झाडांना पाणी घाला’ असं सांगून. शेजाऱ्यांकडे एक तुळस होती. त्या शेजाऱ्यांबद्दल आई आयुष्यभर कृतज्ञ राहिली आणि मीही आहे.

पुढे १९६७ मध्ये राजदत्तांचा ‘मधुचंद्र’ सिनेमा आला, काशिनाथ घाणेकर आणि उमा यांचा. आई-वडील तो बघायला गेले तेव्हा मी आणि भाऊ आजीजवळ. तोवर तिला दोन मुलं झाली होती.

दिरांच्या लग्नापर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत, आमचा माळा बांधून झाला होता, त्यांना वर स्वतंत्र खोली होती. त्यांना काश्मीर हवं होतं, पण तिथल्या दहशतवादामुळे मधुचंद्राची जोडपी तेव्हा कुलू-मनालीकडे वळली होती. तेही गेले, एका मराठी टूर कंपनीबरोबर. केसरी पाटील यांनी १९८४ साली केसरी टूर्स सुरू केली, त्यानंतर मराठी घरांत ग्रुपनं फिरणं रुळलं. नवदांपत्यांच्या वेगळ्या सहली निघू लागल्या. सामानाची यादी आता छापील येई: थर्मल, हातमोजे, मंकी कॅप, कोल्ड क्रीम. रात्रीच्या जेवणात पुरणपोळी मिळेल याची हमी. मला त्यात उणं काढावंसं वाटत नाही. घराबाहेर कधी न पडलेल्या मुलीला आजूबाजूला मराठी बोलणारी माणसं असणं हा फार मोठा आधार असतो. जावेनं येऊन मला हेच सांगितलं.

पण तिन्ही याद्यांत एक गोष्ट नव्हती, आणि ती सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

माथेरानच्या तिसऱ्या दिवशी मला लघवीला जळजळ सुरू झाली. दर दहा मिनिटांनी जावंसं वाटे, आणि थेंब थेंब. अंगात कणकण होती. ह्यांना सांगायला जीभ वळेना. आपल्याकडून काहीतरी पाप घडलंय, किंवा आपल्यात काही खोट आहे, असं मनात येऊन मी शार्लट तलावाच्या काठी ह्यांच्यापासून तोंड लपवून बसले. त्यांना वाटलं मी माहेरच्या आठवणीनं रडते आहे. त्यांनी मला चिक्की आणून दिली. परतल्यावर मोठ्या चुलत जाऊबाईंना धीर करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, मलाही झालं होतं. महाबळेश्वरला.” मग म्हणाल्या, “सगळ्यांनाच होतं. बोलत नाहीत.”

या त्रासाला डॉक्टरांच्या भाषेत ‘हनीमून सिस्टायटिस’ म्हणतात, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. मूत्रमार्गाचा साधा जंतुसंसर्ग. बाईचा मूत्रमार्ग आखूड असतो, संबंधाच्या वेळी जंतू आत ढकलले जातात. त्यात प्रवासात आपण पाणी कमी पितो, स्वच्छतागृह नको वाटतं म्हणून लघवी दाबून ठेवतो. भरपूर पाणी प्यायचं, दाबून ठेवायचं नाही, संबंधानंतर लघवीला जाऊन यायचं, आणि ताप आला किंवा कमरेच्या वर पाठ दुखली तर लगेच डॉक्टर गाठायचा, औषधानं बरं होतं. एवढंच. दोन मिनिटांत सांगून होणारी गोष्ट. आम्हाला आयोडेक्स दिलं, मंकी कॅप दिली, अनारसे दिले, पण ही दोन मिनिटं कुणी दिली नाहीत. मुहूर्त काढताना माझ्या पाळीची तारीख मात्र दोन घरच्या बायकांनी बोटांवर मोजली होती, पूजेला अडचण नको म्हणून. म्हणजे शरीर ठाऊक होतं. ते देवाच्या सोयीनं ठाऊक होतं, माझ्या सोयीनं नाही.

याच मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यासाठी खटले सोसले. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी तर त्याआधीच गमावली होती. मराठीत, साध्या भाषेत, हे सगळं छापून झालेलं होतं. ते आमच्या घरांच्या उंबऱ्याशी थांबलं. गिरगावच्या चाळीतल्या आईपर्यंत पोचलं नाही आणि चारकोपमधल्या माझ्यापर्यंतही नाही.

लेकीचं लग्न २०२४ च्या डिसेंबरात झालं. ती आणि जावई दोघंही नोकरी करणारी, महिनोन्‌महिने आधीपासून फोनवर दोघांची मिळून एक शीट. मी विचारलं, कुठे? थायलंड, क्राबी. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडच्या किनाऱ्यावर पाऊस कमी असतो, आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना तिथे व्हिसा लागत नव्हता, हे तिनं मला समजावलं. शीटमध्ये विमान, हॉटेल, बोट, विमा, सगळ्यापुढे रक्कम आणि कुणी भरायची त्याचं नाव. निम्मं निम्मं. तिकीट पासपोर्टवरच्या नावानंच काढावं लागतं, त्यामुळे लग्नाच्या तोंडावर आडनाव बदलायचं म्हटलं तर आधी मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन पासपोर्ट बदलून घ्यावा लागला असता. तिला नाव बदलायचंच नव्हतं. तिच्या सासूबाईंनी एकदा विचारलं, ती नाही म्हणाली, विषय संपला. तांदळाच्या ताटात जावयांनी तिचं आहे तेच नाव लिहिलं.

त्या शीटमध्ये एक रांग होती, ‘डॉक्टर’. मी मुद्दाम काही बोलले नव्हते. लग्नाच्या दीड महिना आधी दोघं मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली. दोघांची थॅलेसेमियाची तपासणी झाली. दोघंही वाहक निघाली तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून. गर्भनिरोधनाबद्दल बोलणं झालं. पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांनी तपासून ठरवलं. आणि ती जळजळीची गोष्टही त्यांनी सांगितली, दोघांना, एकत्र बसवून. लेकीनं घरी येऊन मला हे भाजी निवडता निवडता सांगितलं. मग मी तिला माथेरानचं सांगितलं. पस्तीस वर्षं कुणाला न सांगितलेलं, जाऊबाईंखेरीज. ह्यांनाही त्याच संध्याकाळी सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी चिक्की आणली होती.”

आता चौकाच्या पलीकडच्या घरातल्या पुतणीचं लग्न ठरलं आहे, वैशाखातलं. जायचं ठिकाण गोवा की केरळ यावर त्यांच्या घरात रोज खल चालतो. बॅगा आल्या, चाकांच्या, एकात एक बसणाऱ्या तीन. तिच्या आईला मी म्हटलं, बॅग नंतर भरू, येत्या रविवारी दोघांना आमच्याकडे पाठव. मुलालाही. ती जरा बिचकली, म्हणाली, त्याच्यासमोर कसं बोलणार? मी म्हटलं, त्याच्यासमोरच बोलायचं आहे. सासूबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं. त्यांनी विचारलं रविवारी कोण येतंय, तेव्हा त्यांनाही सांगितलं, का ते. त्या म्हणाल्या, मीही बसते.